वयाने पांढरी झालेली शेवंती

"धाकट्या आत्याचे हात कोपरापासून छाटू की खांद्यापासून?" असं आमच्या वहिनीने अंगणातून दादाला मोठ्याने विचारलं, नेमकं त्याच दिवशी समोरच्या घरात नवं बिऱ्हाड येत होतं. त्या घरातल्या गृहस्थांनी हातातली खुर्ची होती तिथेच टेकवली आणि खिडकी लावून घेतली. पुढे ओळख झाली, जाणंयेणं वाढलं, तरी आमची धाकटी आत्या समोर आली की ते आधी तिच्या बाह्यांकडे बघत. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

धाकटी आत्या म्हणजे कण्हेर. वहिनीच्या बागेत झाडांना झाडांची नावं नव्हती. ज्याने फांदी दिली, रोप आणलं किंवा कागदाच्या पुडीत बी बांधून दिलं, त्याचं नाव झाडाला लागायचं आणि ते कायमचं चिकटायचं. मोगरा म्हणजे मावशी. दोघींचाही वास त्या दारात पोचायच्या आधी घरात यायचा. जास्वंद म्हणजे मामा, कारण लाल तोंड आणि जरा ऊन लागलं की मान खाली. गुलबक्षी म्हणजे आमचा चुलतभाऊ. संध्याकाळ झाल्याशिवाय दोघांचेही डोळे उघडत नसत. कण्हेर दिसायला देखणी, पण तिच्या वाटेला गाय जात नाही आणि शेळीही जात नाही. धाकट्या आत्याने ती का दिली हे तिला विचारायची हिंमत कुणी केली नाही.

मी दिलेली सदाफुली होती. ती मी रस्त्याच्या कडेची उपटून आणली होती. फुकट मिळते, कुठेही राहते आणि उपटून टाकली तरी पुन्हा तिथेच हजर होते. "भाऊजींना पाणी घातलं नाही तरी चालतं," असं वहिनी पाहुण्यांसमोर सांगायची, आणि पाहुणे माझ्याकडे बघून समजल्यासारखी मान हलवायचे.

पाणी घालण्याचं काम दादाकडे होतं. हा माझा थोरला भाऊ पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होता. शहराला त्याने जन्मभर पाणी कमी पाडलं आणि त्याची भरपाई घरच्या कुंड्यांमध्ये केली. सकाळी झारी घेऊन अंगणात उतरला की तो एकेका नातेवाइकाची विचारपूस करत पुढे सरकायचा. मामांना दोन झाऱ्या, मावशीला तीन. धाकट्या आत्याला लांबूनच.

वहिनी रुग्णालयात परिचारिका होती, आणि शेवटी शेवटी साऱ्या वॉर्डाची मुख्य. वॉर्डाच्या दारात उभं राहून, आत पाऊल न टाकता, कुठल्या खाटेवरचा माणूस रात्रीतून बदलला आहे हे ती सांगायची. ही गोष्ट वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी. आमच्यापैकी कुणीही ठेवली नव्हती.

आता शेवंतीचं. शेवंती पिवळी होती, वहिनीच्या आईने दिलेली, म्हणून तिचं नाव आई. एका वर्षी वहिनी तिच्या बहिणीकडे बरेच दिवस राहून आली आणि त्या हंगामात शेवंतीला फुलं आली ती पांढरी. आम्ही सगळे त्या दिवशी जेवायला जमलो होतो. वहिनी कुंडीपुढे उभी, आम्ही तिच्या मागे उभे, आणि सगळ्यांच्या मागे दादा टॉवेलने हात पुसत. हात कोरडेच होते.

"ही पिवळी होती ना?" मावशीने विचारलं.

दादाने कुंडीकडे पाहिलं, मग मावशीच्या डोक्याकडे, आणि शांतपणे म्हणाला, "वय झालं की पांढरी होते."

एखादा दुसरा असता तर तिथेच हसला असता. दादाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. शहराला उद्या पाणी येणार नाही हे सांगताना खात्यातली माणसं जो चेहरा करतात, तो त्याचा सवयीचा चेहरा होता.

तरीही ते तिथेच संपलं असतं. पण तिथे ताईचे यजमान होते. ताई म्हणजे आमची सगळ्यांत थोरली बहीण. तिच्या यजमानांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असतं, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे कारणमीमांसा म्हणतो. आणि ते त्यांना कळलं तेव्हा आम्ही असं का म्हणतो याचंही कारण त्यांनीच आम्हाला दिलं. त्यांनी चष्मा वर केला, एक पाकळी बोटांत चुरली आणि सांगितलं की हे अगदी बरोबर आहे. कंद जुना झाला की मातीतला क्षार वर चढतो आणि रंग खाली बसतो. रंग खाली म्हणजे कुठे बसतो हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून शेवंती वयाने पांढरी होते हे आमच्या घराण्याचं शास्त्र झालं. मावशीने ते तिच्या भिशीत सांगितलं, ताईने तिच्या इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवर. मीही दोन-तीन ठिकाणी सांगितलं असेल. वहिनी तेवढी "असं का?" म्हणाली आणि पानं वाढायला आत गेली.

गेल्या वर्षी दादा गेला. झारी हातात घेऊन नव्हे; तसं झालं असतं तर त्याला आवडलं असतं. साधा झोपेत गेला. मग लेकीने वहिनीच्या मागे धोशा लावला की गुडघे असे आणि पायऱ्या अशा, तेव्हा आता आमच्याकडेच चल. वहिनी हो-नाही करत तयार झाली. लेकीचं घर वरच्या मजल्यावर, आणि त्याला बाल्कनी होती. पण त्या बाल्कनीत धुण्याचं यंत्र होतं, कपडे वाळत घालायचा स्टँड होता आणि जावयाची एक सायकल होती. ती चालवताना त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण घासून पुसून ठेवलेली असते. लेकीने फार संकोचत सांगितलं, "आई, एक कुंडी बसेल गं. एकच."

एक कुंडी बसेल ही बातमी कुटुंबात अशी पसरली की त्या रविवारी सगळे नातेवाईक न बोलावता बागेत हजर. वहिनीला सामान बांधायला मदत करायची, असं प्रत्येकाने सांगितलं. सामानाला हात मात्र कुणी लावला नाही. मामा येऊन जास्वंदीशेजारी उभे राहिले आणि तिला लागलेल्या कळ्या सगळ्यांना ऐकू जातील अशा आवाजात मोजू लागले. मावशी म्हणाली की मोगरा काय, कुठेही मावतो, अगदी सायकलच्या टोपलीतसुद्धा. चुलतभाऊ जांभया देत आला आणि म्हणाला की गुलबक्षी नेली नाही तरी त्याला काही वाटणार नाही. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की त्याला किती वाटणार आहे ते सगळ्यांना कळलं. धाकट्या आत्याने फक्त कण्हेरीच्या बुंध्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

मग ताई आली. ताई आली की निवडणूक बिनविरोध होते.

फाटकाजवळ जमिनीत लावलेला गुलाबी गुलाब ताईचा. म्हणजे फांदी ताईने दिलेली, पण मूळ झाड आमच्या आईचं. आई गेल्यावर तिच्या अंगणातलं ते झाड ताईने आपल्याकडे नेलं, आणि त्याची फांदी दादाच्या लग्नात वहिनीला दिली. त्यामुळे या गुलाबाचा मान मोठा. आम्ही सगळे त्याच्याशी अहो-जाहोच्या सुरात वागायचो. ताईने पिशवी खाली ठेवली, गुलाबाकडे बोट केलं आणि सांगितलं की बाकीची झाडं ज्याची त्याने न्यावीत, हा मात्र वहिनीबरोबर जाईल. आईचं झाड आहे, ते घरातून हलणार तर सुनेबरोबरच हलणार. तिच्या यजमानांनी लगेच तीन कारणं दिली. मामांनी कळ्या मोजणं थांबवलं.

वहिनी म्हणाली, "बरं." मग मला म्हणाली, "भाऊजी, जरा मागे या. रिकाम्या कुंड्या धुवायच्यात."

मागच्या नळाखाली ती कुंड्या घासायला बसली. मी मदत करायची म्हणून शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळाने ती मान वर न करता म्हणाली, "माणूस वयाने पांढरा होतो. शेवंती होते का हो?"

मी म्हटलं, होते तर. क्षार वर चढतो.

गोळी घेतली म्हणून सांगणाऱ्या आणि ती उशीखाली लपवणाऱ्या रुग्णाकडे परिचारिका जशी बघते, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मला सगळं सांगितलं, कुंड्या घासता घासताच, आवाज न चढवता.

ती कुठे गावाला गेली की दादा एखादं झाड मारायचा. जाणूनबुजून नव्हे; प्रेमाने, पाणी घालून घालून. मूळ कुजलं की त्याची पाचावर धारण बसायची. मग तो शहरभर फिरून तसंच दुसरं रोप शोधायचा, त्याच कुंडीत लावायचा, वरची जुनी माती परत पसरायचा, आणि वहिनी यायच्या दिवशी नखं घासून स्वच्छ करून वर्तमानपत्र वाचत बसायचा. मावशी अशी दोनदा बदलली होती. मामा एकदा. चुलतभाऊ किती वेळा गेला याचा तिने हिशेब ठेवला नव्हता.

"तुम्हाला कळायचं कसं?" मी विचारलं.

"मी घरात आल्यावर ह्यांनी स्वतः चहा केला, की मी आधी बागेत जायचे. कोण गेलं ते बघायला."

मग बोलली का नाही, असं मी विचारलं, तर ती म्हणाली की बोलले असते तर त्यांनी पाणी घालणं सोडलं असतं, आणि मग रोज सकाळी अंगणात उतरून त्यांनी करायचं काय होतं? वॉर्डातही ती असंच करायची. ज्याला आपण बरे होतोय असं वाटतंय, त्याच्या उशाशी तक्ता वाचून दाखवायचा नसतो.

एवढं सांगून तिने नळ बंद केला. बाकी सगळी झाडं दादाने पान ना पान जुळवून आणली होती, ती म्हणाली; फक्त शेवंतीच्या वेळी फुलं आलेली नव्हती, विकणाऱ्याने पिवळी म्हणून पांढरी गळ्यात मारली आणि दादा उघडा पडला. एवढ्या वर्षांत तेवढाच एकदा. आणि त्या एका वेळी सगळ्या कुटुंबासमोर त्याने जे तोंड केलं होतं, ते तिला अजून दिसतं.

"मला ती न्यायची आहे, भाऊजी. एवढीच न्यायची आहे."

मग न्या की, मी म्हटलं, ताईला सांगू. गुलाबाचं काय एवढं.

"गुलाबही ह्यांनी मारला होता," वहिनी म्हणाली. "पहिल्याच दोन वर्षांत. आईंचा गुलाब केव्हाच गेलाय. आता शेवंती का हवी ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. ताईंना काय वाटेल? आईची एवढी एक आठवण, आणि ती भावाने बुडवली, वर लपवून ठेवली. गेलेल्या माणसाला मी आता तोंडघशी पाडू का?" तिने कुंडी उपडी घातली. "नाही सांगता येणार. आणि न सांगता ताईंसमोर टिकता येणार नाही. तुम्ही काहीतरी करा."

आमच्या कुटुंबात काहीतरी करा हे वाक्य माझ्याकडे पोचतं तेव्हा बाकी सगळे उपाय थकलेले असतात.

मी पुढे जाऊन ताईला म्हटलं की गुलाबाला काटे असतात आणि लेकीच्या घरी लहान पोर आहे. ताई म्हणाली की ते पोर कॉलेजात जातं. मी म्हटलं, ऊन कमी पडेल. कारणमीमांसांनी बाल्कनीची दिशा, सूर्याचा कल आणि समोरच्या इमारतीची उंची यांवरून ऊन कमी न पडण्याचं कारण दिलं. मग मी माझ्या मते हुकमी पान टाकलं. म्हटलं, ताई, खरं तर हा गुलाब तूच ने. आईचं झाड लेकीकडे शोभतं.

ताईचा चेहरा पडला. "मी कशाला?" ती म्हणाली, आणि माझा दंड धरून मला फाटकाबाहेर घेऊन गेली. ताईच्या दंड धरण्यात माझ्या वयाचा विचार कधीच नसतो.

बाहेर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात सांगायला लागली. फार जुनी गोष्ट, ती म्हणाली. तेव्हा दादा एका दुपारी तिच्या दारात येऊन उभा राहिला होता, शाळेत असताना काच फोडून यायचा तसा. गुलाब वाळला होता. वहिनी दोन दिवसांनी परत येणार होती. ताई, मूळ झाडाची दुसरी फांदी दे, म्हणून तो अजिजी करत होता. आणि ताईकडे फांदी नव्हती, कारण ताईकडचं मूळ झाडही त्याआधीच गेलं होतं. तिने ते गच्चीवर नेलं होतं आणि तिथलं ऊन त्याला सोसलं नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मग दोघं बहीणभाऊ दुपारभर रोपवाटिका पालथ्या घालत फिरले आणि तोच गुलाबी रंग शोधून आणला.

"त्याने माझ्याकडून वचन घेतलं," ताई म्हणाली. "म्हणाला, हिचा त्या गुलाबावर फार जीव आहे, हिला कळू देऊ नकोस. आता तो नाही. मी जर म्हटलं की राहू दे गुलाब, तर तिला वाटेल, ताईला आईच्या झाडाचं काहीच कसं नाही? आणि मीच घरी नेला तर माझ्या डोळ्यांसमोर रोज तो खोटा गुलाब. नको रे. तिचा जीव आहे, ती नेऊ दे."

म्हणजे परिस्थिती अशी होती. वहिनीला गुलाब नको होता, पण ताईसाठी ती तो नेणार होती. ताईला त्या गुलाबाचं काही नव्हतं, पण वहिनीसाठी ती तो न्यायला लावणार होती. दोघींची गुपितं माझ्याकडे होती आणि एकीचं दुसरीला सांगायचं नाही असं मी दोघींनाही कबूल केलं होतं. अशा वेळी समंजस मध्यस्थाने जे करायचं तेच मी केलं. आत गेलो आणि चहा झालाय का ते पाहिलं.

चहा होईपर्यंत ताईने कुदळ शोधून काढली होती. ती माझ्या हातात देण्यात आली. गुलाब जमिनीतून काढून कुंडीत भरायचा होता. कुटुंब गोल करून उभं राहिलं, आणि ज्याने जन्मात कधी खड्डा खणला नाही असा प्रत्येक जण मला खड्डा कसा खणायचा ते सांगू लागला. वहिनी हातात घासलेली कुंडी घेऊन उभी होती. तिने एकदा कोपऱ्यातल्या शेवंतीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ते माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसावं.

मी भोवतीची माती मोकळी केली, फांद्यांना गोणपाट गुंडाळलं, चुलतभावाला एका बाजूने धरायला लावलं, आणि आम्ही गुलाब वर ओढला. झाड बाहेर आलं. मुळांच्या भोवती काळी प्लास्टिकची पिशवी होती.

दादाने रोप पिशवीसकट लावलं होतं. पिशवी न फाडता. मुळांनी बिचाऱ्यांनी आपापली वाट काढून ती ठिकठिकाणी फोडली होती, पण मधला गोळा अजून पिशवीत घट्ट बसलेला, आणि त्यावर अर्धवट पुसलेली पांढरी अक्षरं. पहिला शब्द गेला होता. दुसरा शाबूत होता. रोपवाटिका.

मामांनी चष्मा लावला.

"आई पिशवीतच कलमं लावायची," ताई एकदम म्हणाली.

"हो, आई पिशवीतच लावायच्या," वहिनी त्याच क्षणी म्हणाली. "मला चांगलं आठवतं."

"माती घट्ट राहते ना."

"आणि वाळवी लागत नाही."

कारणमीमांसा वाकून अक्षरं वाचत होते. ते सरळ झाले आणि म्हणाले की हे शक्य नाही. आईच्या काळी असल्या पिशव्या नव्हत्याच, आणि ती रोपवाटिका जिथे आहे तिथे तेव्हा लाकडांची वखार होती. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी दिलेलं हे पहिलं बरोबर कारण असावं, आणि त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही. कारण ताई वहिनीकडे बघत होती आणि वहिनी ताईकडे.

"तुला कसं आठवेल?" ताई हळूच म्हणाली. "तू आलीस तेव्हा आई कुठे होती?"

वहिनीच्या हातातली कुंडी जराशी कलली. "आणि तुम्ही का सावरून घेताय, ताई?"

मग ताईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. आमच्या घराण्यात हसू असंच येतं, आधी एका कोपऱ्यातून, चोरासारखं. तिने पदर तोंडाला लावला. वहिनी मात्र सरळ तिथल्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने मातीच्या हाताने पुसलं, त्यामुळे तिचं तोंड मातीने माखलं. ताई तिच्याशेजारी जाऊन बसली. दोघींनी मग एकमेकींना आपापली बाजू सांगितली, मध्ये मध्ये थांबून, आणि आम्ही सगळे उभ्या उभ्या ऐकत राहिलो. चहा करणारा दादा, नखं घासणारा दादा, शहरभर मोगरा शोधत फिरणारा दादा. मावशीला आपण दोनदा मेलो हे कळल्यावर ती थोडी रुसली. चुलतभाऊ उलट खूश झाला. आपल्यासाठी कुणी इतक्यांदा धावपळ केली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. धाकटी आत्या तेवढी मूळची निघाली. तिला मारणं दादालाही जमलं नव्हतं.

"आईचं काहीच उरलं नाही म्हणजे," ताई शेवटी म्हणाली, पण ते तिने गुलाबाकडे बघून म्हटलं आणि तिचा हात गोणपाटावर होता. "आम्ही दोघं दुपारभर फिरत होतो गं. उन्हात. त्याने मला बर्फाचा गोळा घेऊन दिला, कुणाला सांगू नकोस म्हणून. त्या वयात."

"मग गुलाब तुम्ही न्या," वहिनी म्हणाली. "आईंचा म्हणून नको. तुम्हा दोघांचा म्हणून न्या."

ताईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, पण हात गोणपाटावरून काढला नाही.

"आणि तू? तू काय नेणार?"

वहिनीने कुंडी खाली ठेवली. "मला ती शेवंती हवी, ताई."

"ती? ती तर तुझ्या आईची. मग एवढा वेळ बोलली का नाहीस?"

"आईची पिवळी होती. ही पांढरी आहे. ही ह्यांची."

ताईने कोपऱ्यातल्या शेवंतीकडे पाहिलं. गुलाबाच्या कटात ती सामील होती, पण शेवंतीचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. "म्हणजे," ती म्हणाली, "वय झालं की पांढरी होत नाही?"

"नाही हो."

"मी सगळ्या इमारतीला सांगितलंय." ती आपल्या यजमानांकडे वळली. "अहो. क्षार वर चढतो ना?"

कारणमीमांसांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाले की क्षार चढतोच. या झाडात चढला नाही याला वेगळं कारण आहे. ते कारण ऐकायला कुणी थांबलं नाही, कारण तेवढ्यात सगळ्यांना आपापली झाडं न्यायची घाई झाली होती. मामांनी जास्वंद काखेत मारली. मावशीने मोगरा नेला, आपण तिसऱ्या खेपेच्या आहोत असं वाटेत सगळ्यांना सांगत. गुलाबाची पिशवी ताईने स्वतः कात्रीने कापून काढली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. का, ते मी विचारलं नाही. सदाफुली न्यायला मी विसरलो, पण तिची काळजी नाही.

शेवंती लेकीच्या बाल्कनीत गेली. सायकल थोडी सरकवावी लागली. जावई म्हणाला की त्याला ती एरवीही विकायचीच होती. वहिनी रोज सकाळी शेवंतीला पाणी घालते, अगदी बेताचं, आणि मग झारी रिकामी होईपर्यंत नुसतीच तिथे उभी राहते. उरलेलं पाणी कुठे जातं हे खालच्या मजल्यावरच्यांना विचारायला हवं.

परवा मी तिकडे गेलो तेव्हा फुलं आली होती, टपोरी, पांढरीशुभ्र. शेजारच्या बाल्कनीतल्या बाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. छान आहे, त्या म्हणाल्या, पण शेवंती म्हटली की पिवळीच डोळ्यांसमोर येते.

वहिनीने कुंडीकडे पाहिलं, मग त्या बाईंच्या केसांकडे. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"आधी पिवळीच होती," ती म्हणाली. "वय झालं की पांढरी होते."

मी चहाच्या कपात तोंड घातलं. बाईंनी मात्र गंभीरपणे मान डोलावली.

"होतं खरं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची जास्वंद लाल होती. मी माहेराहून आले तर गुलाबी. हे म्हणाले, वयाने फिकी पडते."

वहिनीने झारी खाली ठेवली आणि अगदी आपुलकीने विचारलं, "त्या दिवशी चहा त्यांनीच केला होता का हो?"